सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह बंद पडल्यास दोष कुठे आहे हे कसे शोधावे

अलीकडे विक्रीला येणाऱ्या बहुतेक लॅपटॉपमध्ये डिस्कचा ड्राइव्ह नसतो, त्यामुळे त्याचा काळ संपला असे अनेकांना वाटते. कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाचे मात्र त्याच्यावाचून अजूनही अडते. राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी या तालुक्यांतून उपचारासाठी शहरात आलेल्या रुग्णाच्या हातात एमआरआय किंवा सीटी स्कॅन झाल्यावर फिल्मच्या पाकिटासोबत आजही पुष्कळदा एक सीडी दिली जाते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांत जुन्या यंत्रांसोबत आलेल्या सीडी कपाटात जपून ठेवलेल्या असतात, कारण यंत्राचा कंट्रोल बिघडला तर त्याचे सॉफ्टवेअर दुसरीकडे कुठेच मिळत नाही. आणि पंधरा-वीस वर्षांपूर्वी ज्यांची लग्ने झाली, त्यांच्या घरी लग्नाच्या शूटिंगची डीव्हीडी असते, जिची दुसरी प्रत बहुधा कोणाकडेही नसते. अशी डिस्क घालण्याची वेळ वर्षातून एखादवेळी येते आणि नेमका त्याच दिवशी ड्राइव्ह चालत नसल्याचे लक्षात येते.

ओळखीच्या लोकांचे संगणक दुरुस्त करून देताना माझ्याकडे ‘ड्राइव्ह गेला’ म्हणून जे ड्राइव्ह आले, त्यांतले बरेचसे गेलेले नव्हते. कधी डिस्क खराब होती, कधी केबल सैल झाली होती, कधी विंडोजला ड्राइव्ह ओळखता येत नव्हता, तर कधी लेन्सवर केवळ धूळ बसली होती. म्हणून ज्यांनी आजवर संगणक उघडून पाहिलेला नाही अशा वाचकांसाठी मी येथे तपासणीचा क्रम देत आहे. हा क्रम सोप्या आणि बिनखर्चाच्या तपासण्यांपासून सुरू होतो, आणि स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याची वेळ अगदी शेवटी येते. सुरुवातीलाच एक नियम लक्षात ठेवावा : एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम पाहूनच पुढे जावे. केबल, डिस्क आणि सेटिंग एकदम बदलले, तर ड्राइव्ह सुरू झाला तरी नेमके काय बिघडले होते ते कळत नाही, आणि तोच बिघाड पुन्हा झाला की सगळी तपासणी पहिल्यापासून करावी लागते.

डिस्क आत अडकली असेल तर

ट्रे उघडत नसेल आणि महत्त्वाची डिस्क आत असेल, तर बाकीचे सगळे बाजूला ठेवून आधी ती बाहेर काढावी. प्रथम विंडोजमध्ये ‘धिस पीसी’ उघडून ड्राइव्हच्या चिन्हावर उजवी क्लिक करावी आणि ‘इजेक्ट’ निवडावे. एखादा प्रोग्रॅम डिस्क वाचत असेल तर विंडोज ट्रे उघडू देत नाही, म्हणून सगळे प्रोग्रॅम बंद करून पुन्हा प्रयत्न करावा. तरीही ट्रे उघडला नाही तर संगणक रीस्टार्ट करावा आणि पडद्यावर विंडोजचे चिन्ह येण्यापूर्वीच ड्राइव्हवरचे बटण दाबावे. तेव्हा ट्रे उघडला तर ड्राइव्हचा तो भाग ठीक आहे आणि अडथळा विंडोजकडून येत होता, हेही त्यातून सिद्ध होते.

एवढे करूनही ट्रे हलला नाही तर संगणक पूर्ण बंद करून प्लग काढावा. ड्राइव्हच्या पुढच्या पट्टीवर टाचणीच्या डोक्याएवढे एक छिद्र असते. कागदाची क्लिप सरळ करून ती त्या छिद्रात सरळ रेषेत आत घालावी. साधारण दोन-तीन सेंटिमीटरवर अडथळा जाणवला की हलका दाब द्यावा, म्हणजे ट्रे काही मिलिमीटर पुढे येतो, आणि मग तो बोटांनी सावकाश बाहेर ओढावा. वीज चालू असताना हे कधीही करू नये, कारण आत डिस्क वेगाने फिरत असू शकते. सीडी ५२ पटीच्या वेगाने वाचणाऱ्या ड्राइव्हमध्ये डिस्कचे मिनिटाला १०,००० च्या आसपास फेरे होतात. ज्या डिस्कला मधल्या छिद्रापासून बारीक तडा गेलेला आहे, ती अशा वेगात फुटून तिचे तुकडे ड्राइव्हभर विखुरू शकतात. तडा गेलेली डिस्क म्हणूनच कोणत्याही ड्राइव्हमध्ये घालू नये.

दोष डिस्कचा की ड्राइव्हचा

सगळ्या तपासणीतील हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे, आणि घाईमुळे नेमका हाच वगळला जातो. या टप्प्यासाठी तीन डिस्क जवळ घ्याव्यात : कारखान्यात छापलेली एक गाण्यांची किंवा सॉफ्टवेअरची सीडी, छापलेली एक चित्रपटाची डीव्हीडी आणि जी चालत नाही ती डिस्क. पहिल्या दोन डिस्क दुसऱ्या एखाद्या संगणकावर नक्की चालतात, याची आधी खात्री करून घ्यावी. लॅपटॉपच्या किंवा बाहेरून जोडायच्या पातळ ड्राइव्हमध्ये डिस्क नुसती ठेवून भागत नाही. मधल्या चकतीवर ती दोन बोटांनी ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबून बसवावी लागते. नवख्या माणसाच्या हातून ही गोष्ट इतक्या वेळा राहून जाते की मी प्रत्येकाला पहिला प्रश्न हाच विचारतो.

आता निकालाकडे पाहू. दोन्ही चांगल्या डिस्क वाचल्या गेल्या आणि फक्त तिसरी वाचली गेली नाही, तर बहुधा ड्राइव्ह ठीक आहे आणि दोष डिस्कमध्ये आहे (राईट केलेल्या डिस्कचा अपवाद पुढे दिला आहे). एकही डिस्क वाचली गेली नाही, तर दोष ड्राइव्हमध्ये, केबलमध्ये किंवा विंडोजमध्ये आहे. सीडी वाचली जाते पण डीव्हीडी वाचली जात नाही, किंवा याच्या उलट होते, तेव्हा मात्र उत्तर बऱ्यापैकी निश्चित असते. सीडी वाचण्यासाठी ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा अवरक्त लेसर लागतो आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल लेसर लागतो. एकाच डोक्यात हे दोन वेगवेगळे लेसर असतात आणि त्यांतला एक क्षीण झाला तरी दुसरा काम करत राहतो. अशा ड्राइव्हची लेन्स एकदा स्वच्छ करून पाहावी, पण तेवढ्याने फरक पडला नाही तर त्याच्यावर पैसे घालू नयेत.

आणखी एक प्रकार असा असतो की छापलेल्या डिस्क चालतात, पण दुकानात किंवा घरी राईट केलेल्या डिस्क चालत नाहीत. राईट केलेल्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर असतो आणि ती छापलेल्या डिस्कपेक्षा साधारणपणे कमी प्रकाश परत पाठवते. पुन्हापुन्हा लिहिता येणारी डिस्क तर त्याहूनही कमी प्रकाश परत पाठवते. त्यामुळे लेन्स थोडी मळली किंवा लेसर थोडा कमी झाला की सर्वप्रथम याच डिस्क वाचणे बंद होते. लग्नाच्या डीव्हीडी आणि तपासणीच्या सीडी याच जातीच्या असतात, हे येथे लक्षात घ्यायला हवे. जुन्या डीव्हीडी कॅमेऱ्यावर चित्रीकरण करून ‘फायनलाइज’ न केलेली, म्हणजे इतर ड्राइव्हना वाचता येईल अशी पूर्ण न केलेली डिस्क त्या कॅमेऱ्याखेरीज बहुतेक ड्राइव्हना कोरी वाटते. तो कॅमेरा घरात असेल तर त्याच्याच मेनूमधून ती फायनलाइज करून घ्यावी.

चित्रपटाच्या डिस्कबद्दल एक गैरसमज येथेच दूर करतो. विंडोज ८ पासून पुढच्या आवृत्त्यांत डीव्हीडीवरचा चित्रपट दाखवण्याची सोय मूळ प्रोग्रॅममध्ये दिलेली नाही. डिस्क घातल्यावर तिच्यातील फोल्डर दिसतात, पण चित्र सुरू होत नाही, अशी तक्रार असेल तर ड्राइव्ह निर्दोष आहे. व्हीएलसी हा मोफत प्रोग्रॅम घेतला की काम होते. परदेशातून आणलेल्या डीव्हीडीच्या बाबतीत विभागाचाही प्रश्न येतो, कारण चित्रपटाच्या डीव्हीडी जगाच्या ठरावीक विभागांपुरत्या बनवलेल्या असतात. भारत विभाग ५ मध्ये मोडतो आणि ड्राइव्हचा विभाग फक्त पाच वेळा बदलता येतो, म्हणून विंडोजने विभाग बदलण्याविषयी विचारले तर विचार न करता ‘होय’ म्हणू नये.

डिस्क स्वच्छ कशी करावी

दोष डिस्कचा निघाला तर ती उजेडात तिरकी धरून पाहावी. बोटांचे ठसे, तेलकट डाग किंवा धूळ असेल तर मऊ सुती कापड किंवा चष्मा पुसण्याचे कापड घेऊन मधल्या छिद्रापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावे, गोल फिरवून कधीही पुसू नये. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. डिस्कवरची माहिती एकाच लांबलचक सर्पिल रेषेत असते. सीडीवर या रेषेच्या लगतच्या दोन फेऱ्यांमध्ये १.६ मायक्रोमीटर आणि डीव्हीडीवर ०.७४ मायक्रोमीटर अंतर असते. आडवा ओरखडा उठला तर प्रत्येक फेरीचा अगदी छोटा तुकडा खराब होतो आणि माहितीसोबत लिहिलेल्या दुरुस्तीच्या सांकेतिक आकड्यांवरून ड्राइव्ह तो भरून काढतो. सीडीवर सुमारे अडीच मिलिमीटर लांबीची सलग तूट अशी भरून निघते. गोल पुसताना उठलेला ओरखडा मात्र रेषेच्याच दिशेने धावतो, सलग लांब भाग खराब करतो आणि मग दुरुस्तीची ही सोय अपुरी पडते.

डाग कोरड्या कापडाने निघत नसेल तर कापड स्वच्छ पाण्याने किंचित ओले करावे. नेलपॉलिश काढण्याचे द्रव, थिनर किंवा रॉकेल यांचा वापर अजिबात करू नये, कारण डिस्कचे पारदर्शक प्लास्टिक त्यांनी कायमचे धुरकट होते. टूथपेस्टने ओरखडे जातात असे सांगितले जाते, पण जिची दुसरी प्रत नाही अशा डिस्कवर हा प्रयोग करावा असे मला वाटत नाही. सीडीच्या बाबतीत छापील नावाची बाजू अधिक नाजूक असते, कारण चकाकणारा थर त्या बाजूच्या पातळ लाखेखालीच असतो. त्या बाजूवर बॉलपेनने नाव लिहिले किंवा कागदी लेबल चिकटवून पुन्हा ओढून काढले, तर थरच निघून येतो. डिस्क दिव्यासमोर धरल्यावर तिच्यातून उजेडाचे ठिपके दिसले, तर त्या जागेची माहिती गेली असे समजावे.

पुराच्या पाण्यात भिजलेल्या डिस्कविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शहरातील अनेक घरांत आणि दुकानांत शिरले, तेव्हा कपाटांच्या खालच्या कप्प्यांतील डिस्क गाळात बुडाल्या. अशी डिस्क धुण्याआधी सुकू देऊ नये आणि पुसूही नये, कारण गाळातील वाळूचे कण कापडाखाली पॉलिश पेपरसारखे काम करतात. ती स्वच्छ पाण्याच्या मंद धारेखाली धुवावी, शक्य असल्यास शेवटी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर वापरावे, आणि उभी ठेवून सावलीत वाळवावी. प्लास्टिकच्या डब्यातले छापील कव्हर भिजून डिस्कला चिकटले असेल तर ते ओढू नये, पाण्यात आपोआप सुटू द्यावे. अशा रीतीने वाळवलेल्या डिस्क वाचल्या गेल्याचे मी स्वतः पाहिले आहे. पुरात बुडालेला ड्राइव्ह मात्र वाळवून पुन्हा वापरण्याच्या भानगडीत पडू नये.

विंडोजला ड्राइव्ह दिसतो का

चांगल्या डिस्कही वाचल्या जात नसतील, तर ड्राइव्ह संगणकाला दिसतो की नाही ते पाहावे. संगणक सुरू करताना एफ२ किंवा डिलीट ही कळ वारंवार दाबल्यास बायॉसचा, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा, पडदा उघडतो. कोणती कळ दाबायची ते सुरुवातीला बहुधा पडद्याच्या कोपऱ्यात लिहिलेले असते. त्यात जोडलेल्या ड्राइव्हची यादी असते. यादीत डिस्कच्या ड्राइव्हचे नाव आहे पण विंडोजमध्ये तो दिसत नाही, तर दोष विंडोजमध्ये आहे. यादीतच नाव नसेल तर विंडोजमधील सेटिंग बदलत बसण्यात अर्थ नाही, सरळ केबलच्या तपासणीकडे जावे. या एका तपासणीने कित्येक तास वाचतात.

विंडोजमधील तपासणी अशी करावी. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावा आणि त्यात सीडी-रॉम ड्राइव्हची ओळ शोधावी. तिच्यावर पिवळा त्रिकोण असेल तर ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ निवडून संगणक रीस्टार्ट करावा. डिस्कच्या ड्राइव्हसाठी लागणारा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा छोटा प्रोग्रॅम, विंडोजमध्येच असतो आणि तो पुन्हा आपोआप बसतो, म्हणून इंटरनेटवर ‘ड्रायव्हर अपडेट’ करून देणारे जे प्रोग्रॅम दिसतात ते घेऊ नयेत. ड्राइव्ह डिव्हाइस मॅनेजरमध्ये ठीक दिसतो पण ‘धिस पीसी’मध्ये दिसत नाही, तेव्हा त्याच स्टार्ट बटणाच्या मेनूतून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे आणि ड्राइव्हला (डी, ई असे) अक्षर दिलेले आहे का ते पाहावे. पेन ड्राइव्ह किंवा नेटवर्कमधील फोल्डरने तेच अक्षर घेतले असेल तर दुसरे अक्षर द्यावे.

पिवळा त्रिकोण रीस्टार्टनंतरही राहिला आणि प्रॉपर्टीजमध्ये कोड १९, ३१, ३२, ३९ किंवा ४१ असे लिहून आले, तर रजिस्ट्रीतील, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीतील, एक जुना दोष संभवतो. डिस्क राईट करणारे प्रोग्रॅम काढून टाकल्यावर किंवा विंडोजची आवृत्ती बदलल्यावर त्यांच्या ‘अप्परफिल्टर्स’ आणि ‘लोअरफिल्टर्स’ या नोंदी मागे राहतात आणि त्या ड्राइव्हची वाट अडवतात. रजिस्ट्री एडिटरमध्ये एचकी-लोकल-मशीन, सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, क्लास या क्रमाने गेल्यावर ४डी३६ई९६५ या अक्षर-आकड्यांनी सुरू होणारा फोल्डर सापडतो. त्याच्या उजव्या बाजूस ‘क्लास’ या नोंदीपुढे ‘सीडीरॉम’ असे लिहिलेले असले पाहिजे. तेथील या दोन नोंदी काढून संगणक रीस्टार्ट करावा. येथे मी कळकळीने बजावतो की शेवटचा आकडा दोनदा वाचावा. शेजारीच ४डी३६ई९६७ हा हार्डडिस्कचा फोल्डर असतो, त्यातही याच नावाच्या नोंदी असतात, आणि त्या चुकून काढल्या तर विंडोज सुरूच होत नाही. नोंद काढण्यापूर्वी ‘एक्स्पोर्ट’ करून फोल्डरची प्रत ठेवावी, आणि हात कापत असेल तर जाणकार माणसाला शेजारी बसवावे.

केबल आणि वीज

ज्याला आपल्याकडे सर्रास सीपीयू म्हणतात त्या कॅबिनेटचा प्लग काढावा, धातूच्या पत्र्याला हात लावून अंगातील स्थिर वीज जाऊ द्यावी आणि डावीकडचा पत्रा काढावा. ड्राइव्हच्या मागे दोन जोडण्या असतात : १५ पिनांची रुंद जोडणी विजेसाठी आणि ७ पिनांची अरुंद जोडणी माहितीसाठी. दोन्ही एकदा काढून पुन्हा घट्ट बसवाव्यात. औद्योगिक वसाहतीतील कार्यालयांत, विशेषतः फाउंड्रीच्या जवळ, या पिनांवर काळी बारीक धूळ साचलेली मी अनेकदा पाहिली आहे, आणि केवळ काढ-घाल केल्यानेही ती घासली जाऊन जोडणी पूर्ववत होते. त्यानंतरही ड्राइव्ह दिसला नाही तर माहितीची केबल बदलावी आणि मदरबोर्डवरच्या दुसऱ्या जागेत लावून पाहावी. केबल स्वस्त असते, त्यामुळे ड्राइव्ह बदलण्याआधी ती बदलणे केव्हाही शहाणपणाचे.

याच वेळी एक साधा प्रयोग करता येतो. माहितीची केबल काढून फक्त विजेची ठेवावी, संगणक सुरू करावा आणि ट्रेचे बटण दाबावे. ट्रे उघडला तर ड्राइव्हपर्यंत वीज पोहोचत आहे. दिवा लागत नाही आणि ट्रेही हलत नाही, तर एसएमपीएसमधून, म्हणजे कॅबिनेटमधील वीजपुरवठ्याच्या डब्यातून, येणारी विजेची दुसरी जोडणी लावून पाहावी.

बाहेरून जोडायच्या यूएसबी ड्राइव्हच्या तक्रारींत विजेचाच वाटा मोठा असतो. यूएसबी २.० मधून ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३.० मधून ९०० मिलिअँपिअर मिळावेत असा नियम आहे, आणि डिस्क फिरू लागताना ड्राइव्हला थोडा वेळ याहून अधिक लागू शकते. डिस्क फिरू लागते, थांबते, पुन्हा फिरू लागते, असे होत असेल तर यूएसबी हब मध्ये न ठेवता ड्राइव्ह सरळ संगणकाला जोडावा, डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूच्या पोर्टला जोडावा, आणि ड्राइव्हसोबत दोन तोंडांची केबल आली असेल तर तिची दोन्ही तोंडे लावावीत.

ट्रेचा पट्टा आणि लेन्स

बटण दाबल्यावर मोटरचा ‘घुर्र’ असा आवाज येतो पण ट्रे जागचा हलत नाही, किंवा बोटाने किंचित ओढल्यावर बाहेर येतो, हे ट्रे हलवणारा रबरी पट्टा ढिला पडल्याचे लक्षण आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा सतत दमट असते, त्या काळात ड्राइव्ह एकदाही उघडला गेला नाही तर पट्टा चाकाला चिकटतो आणि त्याचा आकारही बिघडतो. डेस्कटॉपचा ड्राइव्ह बाहेर काढून, खालचे चार स्क्रू आणि पुढची पट्टी काढून, ट्रे पुढे ओढला की समोरच्या कडेला दोन चाकांवर चढवलेला हा पट्टा बहुतेक ड्राइव्हमध्ये दिसतो. चाके आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसावीत आणि जुना पट्टा नमुना म्हणून घेऊन इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानात तेवढ्याच मापाचा नवा घ्यावा.

लेन्सची स्वच्छता हे सर्वांत नाजूक काम आहे, म्हणून ते मी शेवटी ठेवले आहे. डिस्क आत गेल्यावर ड्राइव्ह दोन-तीनदा खरखरतो, थांबतो आणि ‘डिस्क घाला’ असे सांगतो, किंवा डिस्क मुळीच फिरवत नाही, तेव्हा लेन्सला डिस्कचा थर सापडत नाही असे समजावे. पातळ ड्राइव्हमध्ये ट्रे बाहेर काढताच लेन्स समोर दिसते, डेस्कटॉपच्या ड्राइव्हमध्ये मात्र झाकण काढावे लागते. झाकण उघडे असताना ड्राइव्हला वीज देऊ नये. सीडीचा लेसर डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, पण इजा करू शकतो.

प्रथम कॅमेऱ्यासाठी मिळतो तो रबरी फुगा दाबून धूळ उडवावी. तोंडाने फुंकर मारू नये, कारण तिच्याबरोबर थुंकीचे कण जातात. त्यानंतर कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून, कागदावर टिपून, फक्त ओलसर राहील इतपत ठेवावी आणि लेन्सवर अगदी हलक्या हाताने दोन-तीन वेळा फिरवावी. लेन्स केसासारख्या बारीक तारांवर तरंगत असते आणि जोर दिल्यास त्या वाकतात. दुसऱ्या कोरड्या काडीने टिपून घ्यावे आणि दहा मिनिटे थांबून मगच ड्राइव्ह जोडावा. हात धुण्याचे सॅनिटायझर येथे चालत नाही, कारण त्यात बहुधा ग्लिसरीन असते आणि ते लेन्सवर थर सोडते. मोबाइल दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल सहज मिळते.

एवढे सगळे करूनही ड्राइव्ह वाचत नसेल तर लेसर किंवा मोटर संपलेली आहे आणि नवा यूएसबी ड्राइव्ह घेणे हाच योग्य मार्ग आहे. लेसरचे डोके बदलून देण्याचा खर्च नव्या ड्राइव्हच्या किमतीच्या जवळ जातो, आणि तो पुढे किती काळ टिकेल याची खात्री कोणी देत नाही.

ड्राइव्ह सुरू झाल्याबरोबर काय करावे

ज्या ड्राइव्हने एकदा त्रास दिला तो पुन्हा देणार, असे धरून चालावे आणि त्याच दिवशी महत्त्वाच्या डिस्कची प्रत हार्डडिस्कवर काढून घ्यावी. सर्वांत आधी रुग्णाच्या तपासणीच्या सीडी घ्याव्यात, त्यानंतर लग्नाच्या आणि इतर घरगुती चित्रीकरणाच्या डीव्हीडी आणि शेवटी सॉफ्टवेअरच्या डिस्क. डिस्क वाचताना मध्येच अडकत असेल तर लिनक्सवर (विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत प्रणालीवर) चालणारा डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्रॅम उपयोगी पडतो. तो आधी सहज वाचता येणारा भाग काढून घेतो, अडलेल्या जागांची नोंद ठेवतो आणि नंतर त्याच जागांवर पुन्हा प्रयत्न करतो. ही नोंद तशीच ठेवून तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली, तर पहिल्याने न वाचलेल्या जागा दुसरा वाचू शकतो, आणि दोन्हींचे काम एकाच फाइलमध्ये जमा होते.

एमआरआय किंवा सीटी स्कॅनच्या सीडीत चित्रे साध्या फोटोच्या स्वरूपात नसतात. ती डायकॉम या वैद्यकीय स्वरूपात असतात, त्यांच्यासोबत ती पाहण्याचा प्रोग्रॅम असतो आणि कोणते चित्र कोणत्या क्रमाने आहे हे सांगणारी ‘डायकॉमडीआयआर’ नावाची एक फाइल असते. म्हणून ओळखीची वाटणारी चित्रे निवडून न घेता सीडीवरील सर्व फाइल आणि फोल्डर आहेत त्याच रचनेत एका नव्या फोल्डरमध्ये घ्यावेत, त्या फोल्डरला रुग्णाचे नाव आणि तपासणीची तारीख द्यावी, पेन ड्राइव्हवर आणखी एक प्रत ठेवावी, आणि ती दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी चित्रे दिसतात याची खात्री करून घेतल्यावरच मूळ सीडी पाकिटात परत ठेवावी.